तळघरातली पिंपं

प्रिय छोट्या,

दर रविवारी तुझा फोन येतो, तरी मुद्दाम पत्र लिहिते आहे, कारण फोनवर बोलताना बाबा शेजारी कान टवकारून बसलेले असतात. कारखाना ठीक आहे. ठीक म्हणजे यंत्र आहे, कामगार आहेत, फोम मात्र आठवड्यातून दोनच दिवस ओततो. गादीवाले रोज येऊन माझं डोकं खातात. समुद्रापलीकडचा तो मोठा कारखाना जळाल्यापासून फोमचं मुख्य रसायन, टीडीआय, कुठेच मिळेनासं झालंय, हे तुला मी काय सांगणार? तू त्याच बाजारातला दलाल. लहानपणी साखर आणायला पाठवलं तर मीठ घेऊन यायचास, आणि आता अख्ख्या जगाचा माल इकडचा तिकडे करतोस, याचं मला अजून हसू येतं.

गंमत अशी की आपल्याकडे टीडीआय आहे. चांगली भिंतभर पिंपं. तू म्हणालास, भाव अजून चढेल, आणि बाबांनी ती दाबून ठेवली. थंडीत हे रसायन गोठतं आणि कारखान्याचं गोदाम गारठलेलं, म्हणून पिंपं घराच्या तळघरात आणली, पाणी तापवायच्या बॉयलरशेजारी. बरोबर वर आईची खोली. बंद पिंपाचं काही नाही रे. पण तुझा फोन झाला की बाबा खुशीत खाली उतरतात आणि माल बिघडला नाही ना, म्हणून एकेक झाकण उघडून बघतात. पाळण्यातल्या बाळाकडे बघावं तसं.

आई फोनवर येत नाही, म्हणून तुला वाटतं की तू घर सोडल्याचा राग तिने अजून धरलाय. राग कसला? तिला एक वाक्य सलग बोलता येत नाही. परवा पातेलं उतरवताना ओट्याला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून हसली. मला रडूच कोसळलं. डॉक्टर म्हणाले, शरीराने एकदा या रसायनाच्या वाफेशी वैर धरलं की इतकीशी वाफही श्वास कोंडायला पुरे. नुसत्या औषधांनी भागणार नाही, आधी पिंपं हलवा. बाबांचं म्हणणं, तिचा खोकला जुनाच आहे. माझ्या घरी चल म्हटलं, तर ती म्हणते, यांच्या जेवणाखाण्याचं कोण बघेल? आणि तळघराची किल्ली बाबांच्या खिशात.

मी भांडले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. बाबा माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. ते फक्त बाजाराचं ऐकतात, आणि त्यांच्या लेखी बाजार म्हणजे तू. म्हणून या रविवारी त्यांना सांग की भाव कोसळतोय, आजच्या आज सगळं विकून टाका. खोटं असलं तरी सांग. गिऱ्हाईक मी दारात उभं ठेवते. पुढे भाव खरंच चढला तर ते तुला जन्मभर बोल लावतील, तुझा शब्द पुन्हा मानणार नाहीत. घर सोडल्यापासून तुम्हा दोघांत बोलायला तेवढा एकच विषय उरलाय, तोही जाईल. हे सगळं मला कळतंय, छोट्या. तरी सांग.

तुझीच,
ताई