डेलियांचं काय झालं, ते

प्रिय वसू,

काल रात्री पहिलं कडक दंव पडलं. सकाळी सकाळी केतकीचा फोन आला, "काका, माझे डेलिया काळे पडले. आजच खणून काढतेय. दुपारी आम्ही चौघी तुमच्याकडे येतो हं." ती आणि तुझ्यामुळे बागेच्या नादाला लागलेल्या बाकीच्या तिघी का येणार आहेत, हे तुला सांगायचंय, आणि त्या यायच्या आधी सांगायचंय. तू समोर असतीस तर माझ्याच्याने तोंड उघडलं नसतं. इतक्या वर्षांत तुला कधी पत्र लिहिलं नाही, आणि लिहायला बसलो तर हे असलं!

तर ऐक. हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घे. पुढे हसण्यासारखं काही नाही.

तू जानेवारीत गेलीस. महाशिवरात्र आली तेव्हा म्हटलं, हिने कधी उपास चुकवला नाही, या वर्षी आपण धरू. आयुष्यात पहिल्यांदा! साबुदाणा शोधायला बेसमेंटमध्ये उतरलो, तर थंड कोपऱ्यात एक टोपली. टोपलीत ब्लाउजपीसांची गाठोडी. हळदीकुंकवाला मिळालेले, कोणीच कधी न शिवलेले, या घरातून त्या घरात फिरणारे तुझे ते ब्लाउजपीस. गाठ सोडून बघतो तर रताळी. लांबट, तपकिरी, जराशी सुकलेली. खरं सांगतो, डोळे भरून आले गं. वाटलं, एवढ्या आजारपणातही माझ्या फराळाची सोय करून गेली.

उकडली. वर तूप-गूळ घातला. चव म्हणून नाही, दातांत नुसते दोरे. तुझ्या फोटोकडे बघून म्हणालोसुद्धा, "या वेळी रताळी काही बरोबर घेतली नाहीस." दुसऱ्या दिवशी कीस करून पाहिला, तोही तसाच. मग उरलेली सगळी कचऱ्यात टाकली आणि ब्लाउजपीस धुऊन, घड्या करून कपाटात ठेवले. व्यवस्थित माणूस ना मी!

मे महिन्यात केतकी आली. मागच्या गल्लीतली ती नागपूरची मुलगी, तूच तिच्या हातात पहिल्यांदा खुरपं दिलं होतंस. म्हणाली, "काका, काकूंचे डेलियाचे कंद कुठे आहेत? चला, लावून टाकू. काकू ब्लाउजपीसमध्ये बांधतात ना? जांभळ्या फुलाचे जांभळ्यात, पिवळ्याचे पिवळ्यात."

तेव्हा मला कळलं, त्या टोपलीत काय होतं. आपण अमेरिकेत, या श्रूजबरीत नवे होतो, कोणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा शेजारच्या म्हातारीने तुला एक कंद दिला होता. त्या एकाचे तू किती केलेस! दर वर्षी दंव पडलं की खणायचे, धुवायचे, सुकवायचे, कापून वाटायचे, उरलेले बांधून ठेवायचे. आणि मी ते तूप-गूळ घालून खाल्ले.

तिथल्या तिथे सांगितलं असतं तर काय झालं असतं? केतकी पोट धरधरून हसली असती, गावभर केलं असतं, संपलं असतं. पण माझी जीभ उचलली नाही. रताळी समजलो याची लाज नाही वाटली मला. लाज याची वाटली, की दर ऑक्टोबरात तू मागच्या अंगणात गुडघे टेकून काय खणत होतीस, ते मी कधी हातात घेऊन बघितलं नाही. खिडकी चार बोटं उघडून ओरडायचो, "आत ये, थंडी लागेल." झालं माझं प्रेम. बाहेर आलो का कधी? परक्या पोरीला तुझ्या गाठोड्यांचे रंग पाठ, आणि मला त्यात काय आहे तेही ठाऊक नाही. हे तिच्यापुढे कसं कबूल करणार? म्हणून म्हणालो, "लावले की मी. गेल्याच आठवड्यात."

एक चिठ्ठी लावायला काय झालं होतं गं तुला? 'खाऊ नका' एवढं तरी लिहायचंस! बघ, आता तुझ्यावर ढकलतोय. ढकलायची सवयच लागलीय मला.

जुलै आला. तुझ्या वाफ्यात एक कोंब नाही. केतकी म्हणाली, "असं कसं, काका?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मारिओने मशीन फिरवलं असेल वरून."

मारिओ, वसू. आपलं गवत कापणारा, पाचोळा उचलणारा मारिओ. ज्याला तू थंडीत हाक मारून चहा द्यायचीस, चिवड्याची पिशवी द्यायचीस, आणि तो मिरची लागली तरी खायचा. त्याचं नाव का घेतलं? कारण तो समोर नव्हता. कारण तो येऊन मला खोटं पाडणार नव्हता. दुसरं कारण नाही. खूप शोधलं, सापडलं नाही.

मला वाटलं, विषय मिटला. गेल्या महिन्यात केतकी रागारागाने सांगत होती, "आम्ही चौघींनी मारिओला कॅन्सल केलं, काका. फॉल क्लीनअप, पाचोळ्याचं सगळं काम, आता दुसऱ्याकडे. काकूंच्या बागेवर मशीन फिरवतो म्हणजे काय, यार!" सगळं ग्रुपवर ठरलं होतं. या दिवसांतल्या कामावर त्याचा हिवाळा निघतो, हे मला माहीत होतं. तरी मी काय केलं? "जाऊ दे गं" म्हणालो. थोर माणसासारखं! तिला वाटलं, काका किती मोठ्या मनाचे.

गेल्या आठवड्यात तो आला. मी दाताळं घेऊन मेपलचा पाचोळा ओढत होतो. त्याने पाचोळा उडवायचा ब्लोअर बंद केला, टोपी काढली, आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "त्या बायकांनी मला येऊ नको सांगितलं. माझं काही चुकलं का, सर?" काय बोललो असेन मी? म्हणालो, "नाही, नाही. या वर्षी लोक स्वतःच करतायत. एक्झरसाइज." एक्झरसाइज, वसू! त्याने मान हलवली आणि पुन्हा ब्लोअर पाठीवर चढवला.

तो गेल्यावर मी तुझ्या वाफ्यापाशी गेलो. वाफ्यात नुसतं तण. पण भोवती सगळीकडून वीतभर गवत उभं आहे. इतरत्र गालिच्यासारखं कापलेलं, आणि वाफ्याच्या कडेने तेवढं राखलेलं. तू त्याला सांगितलं होतंस ना, मशीन जवळ आणू नकोस, मुळांना धक्का लागतो? तू गेलीस, फुलं आली नाहीत, तरी तो रिकाम्या वाफ्याला उन्हाळाभर वळसा घालत राहिला. मी तिथे दाताळ्यावर भार टाकून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

आणि आज या चौघी येणार. तू त्यांना वाटलेले कंद त्यांनी वाढवले, आज खणले, आणि प्रत्येकीने त्यातले थोडे काढून ठेवलेत. "काकूंचे काकूंच्या अंगणात परत," असं केतकी म्हणाली. तेही ब्लाउजपीसमध्येच बांधून, तुझ्यासारखेच. माझी दया येऊन आणतायत. मी ते ओंजळीत घ्यायचे, आणि डोळे पुसायचे? शी! इतकंही खाली जायचं नाहीये मला.

पण आज मारिओही यायचाय, उरलेला पाचोळा न्यायला. त्याचा ट्रक आत्ताच ड्राइव्हवेला लागला. वरून दिसतोय, ताडपत्री उलगडतोय.

म्हणून तुला शब्द देतो, वसू. त्या चौघींच्या आधी मी त्याला सांगणार. मग त्याला घेऊन दुपारी अंगणात उभा राहणार, आणि त्यांनी गाठोडी पुढे करायच्या आत त्यांना सांगणार, त्याच्यासमोर. 'काहीतरी गैरसमज झाला' असं म्हणणार नाही. तसं म्हणायची फार इच्छा आहे, तुला म्हणून सांगतो. 'मी खोटं बोललो' असं म्हणेन. मग त्यांनी कंद दिले तर दिले. परत नेले, तर दार उघडून धरेन.

उतरतो आता. पायात बूट घालायचेत, बाहेर थंडी आहे.

तुझा,
माधव