माथ्याच्या अलीकडे

आई, तुला, मला, आपल्या सगळ्याच माणसांना डोंगर कायम खालूनच दाखवला गेला. गावी वरच्या देवळाची वाट आपल्याला बंद होती. इथे वेल्समध्ये वाट कुणी अडवली नाही, पण कार्डिफच्या वॉकिंग क्लबातले एक गृहस्थ हसत म्हणाले होते, "तुम्हा लोकांना थंडी सोसत नाही ना?" मी तिथेच भाषण सुरू केलं. तू मात्र घरी येऊन हॉस्पिटलात तुझ्याच वॉर्डात नर्स असलेल्या वेल्श मैत्रिणीला फोन केलास. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायचे स्नोशूज तिच्याकडे सगळ्यांना पुरतील एवढे होते.

नव्वदीच्या सुरुवातीचा तो हिवाळा. कार पार्कमध्ये ती आपल्या बुटांखाली त्या रुंद चौकटी पट्ट्यांनी आवळते आहे, सांगते आहे. पाय जरा फाकवून टाका, नाहीतर आपलीच चौकट आपल्या पायाखाली येईल. मागे पाऊल टाकू नका, वळायचं तर गोल फिरा. चढावर चौकटीखालचे पुढचे लोखंडी दात बर्फात रोवा. "फाकून चालायचं म्हणे," तू माझ्या कानात पुटपुटलीस. "तुझ्या आजीनं पाठीत धपाटाच घातला असता." थोड्या वेळात पडले ती मीच. "बोलत चालू नकोस गं, खाली बघ," तू म्हणालीस.

माथा समोर दिसायला लागला तेव्हा तू म्हणालीस, आधी दोन घास खाऊ. डबा काढलास आणि वाकून पायातल्या पट्ट्या सोडल्यास. पायात काही ठेवून जेवायला बसणं तुला कधी जमलंच नाही. नंतर बूटही काढणार होतीस. चौकटीवरून एक पाऊल बाजूला टाकलंस आणि मांडीपर्यंत आत गेलीस. हसत हसत आम्ही तुला ओढून काढलं, तोवर बुटांत बर्फ भरला होता, मोजे चिंब झाले होते. मैत्रीण हसायची थांबली. "सिस्टर, पाय बधिर झाले तर वॉर्ड कोण बघणार? चला खाली." तू माथ्याकडे पाहिलंस. "असू दे. पुढच्या विंटरला."

पुढच्या विंटरला बर्फ भरपूर पडला. तू उन्हाळ्यातच गेलीस, जिथे इतकी वर्षं राबलीस त्याच हॉस्पिटलात, तुझ्याच वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर.

आता मी लंडनजवळ वॉटफर्डपासून स्टॅनमोरपर्यंत आपल्या समाजाच्या सभांत उभी राहून ठणकावते, आपल्या मुलांना डोंगरावर न्या, कुणाला विचारत बसू नका. टाळ्या पडतात. दर हिवाळ्यात आपली मुलं घेऊन मी त्या वाटेनं चढतेही. पण तू जिथून परतलीस तिथे माझे पाय थांबतात. मुलांना तुझ्या त्या मैत्रिणीबरोबर पुढे पाठवते, वारा वाढलाय असं काहीतरी सांगते. ती वरून हात हलवतात, मी खालून. तुझ्याआधी तिथे पाय ठेवणं मला जमत नाही, आई. हे मी कुठल्याच व्यासपीठावर बोलले नाही, आणि हे पत्र टाकायलाही कुठला पत्ता नाही.

या हिवाळ्यात एकदा मला म्हण, हो पुढे.