पट्ट्यावरची धूळ

अहो,

लेकीला लस द्यायला दवाखान्यात जातेय. डबा ओट्यावर आहे, शेजारी तुमचा कंबरदुखीचा पट्टा. काल तो धुवायला घेतला. महिनाभर सिमेंटच्या गोण्या उचलूनही त्याला ना धूळ, ना घामाचा वास. पट्टा बांधला की गोदामातले सगळे ‘आली बाळंतीण’ म्हणून हसतात, हे मुकादमांच्या बायकोने सांगितलं. हसू देत. खरी बाळंतीण मी होते, मीही बांधलाच होता की.

परवा लेक उचलून घ्या म्हणून हात वर करून तुमच्यापुढे उभी राहिली, तर तुम्ही ‘हात खराब आहेत’ म्हणालात. नुकतेच तर धुतले होते.

आज पट्टा शर्टावरून बांधा. संध्याकाळी तो कोराच परत आला तर मी भांडणार नाही. लेकीला तशीच हात वर करून तुमच्यासमोर उभं करीन.