टाकी वापीला, मी विरारला

सहा ट्यूब, चार पंखे, दोन चोक, काचेच्या खोक्यात समुद्र, आणि सांगून काय गेलात? काही नाही! कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, पंख्याचं तोंड कुठे, पाणी कमी झालं तर काय घालायचं, एक अक्षर नाही. माणूस मरताना बायकोला निदान कपाटाची किल्ली तरी दाखवतो. तुम्ही तेवढंही केलं नाहीत.

अहो महेशचे बाबा,

नमस्कार नंतर. आधी हे वाचा. रविवारी तुमचा मुलगा टेम्पो घेऊन येतोय. टाकी वापीच्या कुणा शौकिनाला द्यायची, आणि मला विरारला त्याच्या घरी न्यायचं, असं त्याने ठरवलं. टाकी वापीला, मी विरारला. नरपडच्या घराला कुलूप. म्हणून आज लिहिते आहे. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, काने-मात्रे मोजत बसू नका.

रेल्वेतून सुटल्यावर लोक देवाला जातात. तुम्ही काय केलंत? चिकूच्या वाडीतली बरी खोली, जिथे मी पापड वाळवायचे, ती घेतलीत आणि तिथे पाच फुटांची टाकी मांडलीत. म्हणे पोवळी वाढवायची! मी म्हटलं, पोवळं अंगठीत असतं. तुम्ही हसलात. म्हणालात, "अगं, हे जिवंत असतं. उजेड खातं." उजेड खातं! भाताला बसलेल्या माणसाने ऐकून घ्यायचं बोलणं आहे का ते?

पहिला उजेड आठवतो का? स्वयंपाकघरात लावतो त्याच जाड पांढऱ्या ट्यूब आणून टांगल्यात. महिन्याभरात पोवळी राहिली बाजूला, काचेवर शेवाळ आलं, आपल्या जुन्या विहिरीवर येतं तसं. जसुबेन शेजारून डोकावली आणि म्हणाली, "काकी, आता कोलंबी सोडा आत. खायला तरी होईल." मी हसले, आणि तुम्ही दोन दिवस जसुबेनशी बोलला नाहीत.

मग त्या बारीक ट्यूब आल्या. सहा. चार निळ्या, दोन पांढऱ्या. प्रत्येकीच्या पाठीला वाकवलेला चकचकीत पत्रा, म्हणजे वर गेलेला उजेड खाली फिरतो. निळा जास्त का, पांढरा कमी का, हे मला नाही सांगितलंत. सांगितलंत कुणाला? ट्यूब घेऊन येताना अच्छाडच्या ढाब्यावर भेटलेल्या त्या ट्रकवाल्याला, ज्याने चहा पिता पिता विचारलं होतं, "चाचा, ये डब्बे में क्या है?" त्याला अर्धा तास सांगितलंत. खोल पाण्यात निळाच उजेड पोचतो, म्हणून पोवळ्यांना निळ्याची सवय असते. मी शेजारी बसले होते. माझा चहा गार झाला, पण ऐकून ठेवलं.

बरं, वर्ष झालं. म्हणालात, ट्यूब डोळ्याला तेवढीच दिसते, पण आतून थकते, बदलायला हवी. बदला! पण सहाच्या सहा एका सकाळी? चार दिवसांत तुमचं ते जांभळं पोवळं पांढरं फटक. नवी सून घरात आली म्हणून पहिल्या दिवशी तिला पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापायला बसवतात का? मी म्हटलं होतं एकेक बदला. तुमचं उत्तर ठरलेलं होतं: "तुला काय कळतं?" आणि मग स्वतःच तोंड पाडून टाकीसमोर स्टूल टाकून बसलात. मी जेवायला हाक मारली ती तीनदा. तेव्हा मला वाईटही वाटलं होतं, पण ते मी तुम्हाला कशाला सांगू?

तरी ते सगळं परवडलं. खरी जिरवली ती उन्हाने.

झाकण तुम्ही प्लायवूडचं केलंत, चारी बाजूंनी बंद. पाल जायला नको म्हणून! आत सहा ट्यूब आणि चोकही आतच. हात लावला तर तव्यासारखं. पाण्यातल्या कांडीवर पारा तिसाच्या वर. पोवळी मिटलेली. मग चोक बाहेर काढून भिंतीवर ठोकलेत, तेवढी अक्कल आली. मग पंखे. झाकणाला चार भोकं पाडून चार छोटे पंखे लावलेत, चौघांचं वारं थेट ट्यूबवर. ट्यूब गार झाल्या, आणि मंदही झाल्या! मीच म्हटलं की भिंतीवरचा निळा कमी दिसतो. तेव्हा पुस्तक काढून वाचलंत आणि मोठ्या तोऱ्यात मला सांगितलंत, "ट्यूब फार तापली तरी उजेड पडत नाही आणि फार गार केली तरी नाही. तिला माफक ऊब लागते." वा! एवढं समजलं, तर पंख्यांची तोंडं फिरवायची ना! उद्या करतो. उद्या करतो. तुमचा उद्या कधी उजाडला आहे?

आणि पंख्याने दुसरं काय केलं? पाणी प्यायलं. रोज बोटभर पातळी खाली. घातलंत काय? समुद्राचं पाणी! म्हणे समुद्र कमी झाला तर समुद्रच घालायचा.

तेव्हा मी बोलले होते. आठवा नीट. मी मिठागरवाल्याची मुलगी. खाडीकाठी बापाच्या वाफ्यात पाय फुटेस्तोवर मीठ ओढलंय. मी म्हटलं, "अहो, वारा पाणी नेतो, मीठ नेत नाही. गेलं ते गोडं पाणी. गोडंच घाला, नाहीतर खोलीत मिठागर होईल." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मिठागर वेगळं, पोवळ्यांचं रीफ वेगळं."

मी तोंड शिवलं. मला राग आला आणि मी गप्प बसले. चुकलंच माझं. चाळीस वर्षं तुमच्यावर ओरडले, आणि जेव्हा ओरडायला हवं होतं तेव्हा कोपऱ्यात जाऊन चिकू निवडत बसले. तुम्हाला काय, तुम्ही सुटलात! हे माझ्या मानेवर ठेवून सुटलात.

चैत्रातलं भर दुपारचं ऊन. भरती बाराला म्हणून तुम्ही बाराला निघालात. सायकलला दोन बाजूंना दोन वीस-वीस लिटरचे कॅन. सत्तरीचा माणूस! मी दारातून बघितलं, आणि हाक मारली नाही. सुरूच्या बनात सावलीला बसलात ते उठलाच नाहीत. मच्छीवाल्या बायका धावत आल्या सांगायला. मी पोचले तर सायकल झाडाला नीट टेकवलेली. कॅनची झाकणं गच्च. घरचा माणूस सांडला, पण खारं पाणी एक थेंब सांडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणते हट्ट. तुमचा निम्मा, निम्मा माझा.

आता पुढचं ऐका, कारण तुमच्या पोराने तुमच्यावर ताण केली.

सुतकात घर भरलेलं. तुमचे चुलते आशागडहून आले आणि टाकीसमोर हात जोडून म्हणाले, "त्याचं व्रत होतं हे. महेश, बापाचं व्रत मोडू नको." झालं! महेश रोज सकाळी उघड्या पायाने समुद्रावर जायचा, कॅन भरून आणायचा, डोळे पुसत टाकीत ओतायचा. सून मागे उभी राहून पदराने वारा घालायची, टाकीला! आणि मी बाहेरच्या ओसरीवर बसले होते, कारण नवऱ्याच्या तेराव्यापर्यंत बाईने काही बोलायचं नसतं म्हणे. बारा दिवस मी खिडकीतून बघत होते. पोवळी आतल्या आत आकसत गेली. पोवळ्यांबरोबर सोडलेली ती पिवळी मासळी तळाला बसून धापा टाकत होती.

तेरावं झालं, माणसं गेली, महेश विरारला गेला. जाताना म्हणाला, "आई, टाकी बघ. बाबांची आठवण आहे." मी गेले. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. थुंकले. माझ्या बापाच्या दुसऱ्या वाफ्याचं पाणी होतं ते, मीठ धरायला आठ दिवस राहिलेलं!

मग मी काय केलं, सांगू? तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत, ते सगळं केलं. कोयता घेतला आणि झाकणाची मागची फळी उपटली. आत गरम वाफ होती, ती अशी बाहेर आली की माझा चष्मा धुरकटला. दोन पंखे उलटे बसवले, म्हणजे ते ट्यूबवर फुंकत नाहीत, वरची तापलेली हवा ओढून बाहेर टाकतात. तारा जसुबेनच्या जावयाने जोडून दिल्या. उरलेले दोन पाण्यावर आडवे. आणि पाणी? स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं, पिण्याचं. एकदम नाही. वाऱ्याने नेलेलं तेवढं गोड्याने भरायचं, शिवाय सकाळी एक तांब्या खारं काढायचं, एक तांब्या गोडं घालायचं. संध्याकाळी तसंच. ट्यूब बदलताना तुम्ही केलेली घाई मी पाण्यात केली नाही.

पहिले चार दिवस काही नाही. जसुबेन रोज कुंपणावरून विचारायची, "केम काकी, जीवे छे?" म्हणजे जगतायत का पोवळी. मी म्हणायचे, "मी जीवे छे. त्यांचं माहीत नाही." आठव्या दिवशी हिरव्या पोवळ्याने एक बोट बाहेर काढलं. नंतर बाकीच्यांनी. काल जांभळंही उघडलं, तेच, जे तुम्ही भाजलं होतं. कांडीवर पारा सत्तावीस. बाहेर वैशाख आहे, लोक कलिंगड घेऊन पंख्याखाली पडलेत, आणि तुमच्या टाकीत सत्तावीस! माझ्या खोलीत किती आहे विचारू नका.

मग महेशचा फोन आला. मी सांगितलं. तो म्हणाला, "कुणी शिकवलं तुला?"

"तुझ्या आजाने," मी म्हटलं. "मिठागरवाल्या."

तो मग हळूच म्हणाला, "आई, आता बरं चाललंय, पण उद्या लाइट गेली, ट्यूब फुटली, तू पडलीस, तर? तुला एकटीला हे सगळं झेपायचं नाही." हे सगळं म्हणजे काय हो? टाकी, का घर, का मीच? तुम्ही एकटे हे बघत होतात तेव्हा कुणी असं म्हणालं नाही. तुम्ही तर झेपवलंही नाहीत!

मी तिला म्हटलं, सुनेला, विरारच्या तुमच्या घरात मी काय करणार? म्हणाली, "आई, आराम करा ना." आराम! पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी केला होता मी आराम. पाचव्या दिवशी नर्सशी भांडले.

तुमच्यावर माझा राग अजून उतरला नाही. उतरणारही नाही लवकर. तुम्ही उजेड विकत घ्यायला तीन गावं फिरलात, पुस्तकं मागवलीत, ट्रकवाल्याला समजावलंत, आणि घरात जी बाई पाण्याचं मीठ जिभेवर ओळखते, तिला एकदा नीट विचारलं नाहीत. विचारलं असतंत, तर दुपारी बाराला समुद्रावर जायचं काम नव्हतं. नळ स्वयंपाकघरात होता हो! वीस पावलांवर!

बाकी, त्या फजितीनंतर मुकाट एकेक बदललेल्या ट्यूबना तुम्ही चिकटपट्टीवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, कुठली आधी लावली, कुठली नंतर. ते काल वाचलं. तेवढं एक बरं केलंत.

वचन देते, आणि ते तुमच्यासाठी नाही, त्या पोवळ्यांसाठी. जुनी ट्यूब आधी बदलीन. एका वेळी एकच, आणि मधे पंधरा दिवस जाऊ देईन. गोड्या पाण्याचा तांब्या चुकवणार नाही. पंख्याची धूळ आठवड्याला पुसेन. आणि मला पटत नाही ते, समोर कुणीही असो, मी ओरडून सांगेन. गप्प बसायचं मी सोडलं.

तुमची,
जिला काही कळत नव्हतं ती

ता. क. या पत्राला तुम्ही उत्तर देऊ नका, तुमची उत्तरं मी पोटभर ऐकली आहेत. उत्तर महेशने द्यायचं. फोनवर नाही, बायकोच्या तोंडून नाही. रविवारी आला की आधी आत यायचं, माझ्यासमोर उभं राहायचं आणि "आई, राहा" किंवा "आई, चल", दोनांतलं एक, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. तोवर टेम्पो फाटकाबाहेर.