टाकीचा फोन

८ मार्च २०१०, सोमवार
हे वारले त्या सकाळीही सडा घातला, चार भाकऱ्या केल्या, शेळीचं दूध काढलं आणि नदीकाठच्या विहिरीवर मोटार सुरू करायला गेले. हे गावातल्या टाकीवर. टाकी भरली की पाईपावर पान्याने तीन ठोके द्यायचे. इकडे पाईपाला कान लावला की ऐकू यायचे, मी मोटार बंद करायची. त्या दिवशी ठोके आले नाहीत. टाकी वाहू लागली तेव्हा लोक वर चढले.
तीन वर्षं झाली. ग्रा.पं.ने काम मला दिलं. टाकीही मीच बघते.
आज कॉलेजचे सर आले. टाकीत तरंगता गोळा सोडला, तोंडाशी डब्यात मोबाईल. टाकी भरली की तो माझ्याकडच्या मोबाईलवर रिंग देणार.
"उचलायचा नाही हं मावशी, उचलला की पैसे पडतात."

९ मार्च
वाजला. मोटार बंद केली. चढून पाहिलं, काठोकाठ.
ग्रामसेवक म्हणाले, "सोमवारपर्यंत नीट चाललं की मोटारबी फोनवरच. आपोआप बंद हुईल. मग तुमी घरी निवांत पोथी वाचा."
मी पोथ्या वाचत नाही. काम गेलं तर…

११ मार्च
यंत्राची पुस्तिका इंग्रजीत. अक्षरं लावून दोन पानं झाली.

१३ मार्च
अर्ध्या तासातच वाजला. एवढ्यात भरत नाही. उचलला. हॅलो म्हटलं. कोण बोलणार. पाणी पडत होतं, पोकळ, मोठ्याने. टाकी भरत आली की पाणी मुकं होतं, असं हे म्हणायचे. हे पाणी मुकं नव्हतं. ऐकत राहिले.
मोटार चालूच ठेवून वर गेले. गोळ्याची वायर शिडीच्या गजात गुंतून गोळा अर्ध्यावरच उलटला, म्हणून रिंग गेलेली. सोडवला. पुन्हा गुंतणार.

१४ मार्च
जाऊबाईंना सांगितलं.
"गप बस की. यंत्र फसलं तर तुझं काम ऱ्हाईल. त्यांचं त्यांनी बघावं. अन् फोन उचलला कशाला? कोन हुतं?"
"पाणी."
लई हसल्या.
गप्प बसले तर काम राहील. पण खालच्या आळीला अर्धी टाकी पुरत नाही.

१५ मार्च, सोमवार
सडा, भाकऱ्या. दहाला सर आले. वायर गुंतते हे सांगितलं. कसं कळलं विचारलं, तेव्हा फोन उचलला हेही सांगितलं. सर वायर नीट बांधायला वर चढले, मी मोटार सुरू करायला गेले.