टांग्यातले देशमुख

जिंतूर, १२ जानेवारी २०२५

प्रिय मित्र व्यंकटराव यांस,
नागनाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? विजापूरहून आल्यावर सुजला म्हणून ऐकलं. मनकर्णा वहिनींची शुगर तपासली का? सविता सूनबाईचा खोकला हटला का? आन् आमची माधवी? नात तुमची, पण अंकलिपी तिला मी शिकवली, म्हणून आमची म्हणायचा हक्क ठेवतो. इकडं गीताबाई बरी आहे. मी बी अंगानं ठीक आहे.

फोन केला असता, पण फोनवर तुमी हसण्यावारी नेता. कागदाला मधेच तोडता येत नाही.

जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची वाट बघत बसायचो तवापासून ठरलं होतं, की तुमी, मी आन् पेडगावचा दत्तराव, तिघांनी टांग्यातून विजापूर बघायचं. तुमचा फोन आला आन् मी दोन दिवस आधीच पिशवी भरून बसलो. गीताबाई म्हणाली की लग्नात बी एवढी घाई नव्हती.

स्टेशनवर सिताराम आप्पा न्यायला आले. तुमचे जुने पाहुणे, एवढंच तुमी सांगितलं. टांगेवाल्यानं वजन बघून बसवलं. तुमी आन् आप्पा पुढं, मी आन् दत्तराव मागं, पाठीला पाठ लावून. वर तो मला म्हणायलाय की बडे मियां, जरा आत सरका, गाडी मागं उलार झाली तर घोडी हवेत लटकल. दत्तरावनं तुमच्याकडं बोट करून सांगितलं की वालूरचा एवढा ऐवज पुढं बसवलाय, आता घोडी जमिनीत जायची. लय हसलो आपण.

गोल घुमटाच्या रस्त्यानं आप्पांनी हाक मारली, देशमुख, डावीकडं बघा म्हणून. कोण देशमुख आला म्हणून मी रस्त्यावर बघितलं. रस्त्यावर एक म्हैस होती. पुन्हा हाक आली तवा दत्तरावनं माझी मांडी दाबली. मग उमगलं, देशमुख मीच.

बुरुजावरच्या तोफेपाशी आप्पांनी माझी शेती विचारली. माझ्या आधी तुमीच बोललात, साठ एकर, सगळी कोरडवाहू. देतच होता तर बागायती तरी द्यायची, व्यंकटराव!

संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्यावर कळलं की ही सहल नव्हतीच. माधवीसाठी स्थळ बघायचं होतं. दारात मी हात जोडून जयभीम म्हणायला तोंड उघडलं आन् तुमी मोठ्यानं खोकलात. जेवताना आप्पांच्या मंडळींनी मायेनं विचारलं, देशमुख, अजून एक पोळी वाढू का. मी ओ दिली. खरं दुखणं ते आहे. नाव तुमी बदललं, पण ओ माझ्या तोंडातून गेली. सत्तर वर्षं जे जपलं ते एका पोळीसाठी गेल्यासारखं वाटायलंय.

का केलं, तेवढं लिहा. घरच्या सगळ्यांचा लोभ आहे तसा राहू द्यावा.

आपला,
नागनाथ


वालूर, २० जानेवारी २०२५

प्रिय नागनाथ,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पावलं. मनकर्णाला वाचू दिलं नाही. शुगर वाढती तिची. गुडघा तसाच आहे.

अरे, एवढं मनाला लावून घेतलंस? आप्पा जुन्या वळणाचं माणूस. त्यांच्या घरचा पोरगा इंजिनिअर, पोरीला पसंत. तुला मागं ठेवून गेलो असतो तर तूच म्हणाला असतास की व्यंकट एकटाच गेला. म्हणून मधला रस्ता काढला. दत्तरावला आदल्या दिवशी सांगितलं, तुला सांगायची हिंमत झाली नाही. एका दिवसाचं नाव होतं, टांग्यातून उतरलास तिथं संपलं. मी तुझ्या घरी जेवतो का नाही? त्यावरून भावकीनं मला काय कमी बोललं का?

आता गोड बातमी. दोन मार्चला लग्न, विजापूरला, त्यांच्या दारी. नागूआजोबा आल्याशिवाय उभी राहणार नाही म्हणती माधवी. आप्पा बी दर फोनला देशमुखांची खुशाली विचारतात. तवा अजून एकच दिवस सांभाळून घे. गीताबाई वहिनींना समजावून सांग. तुमच्या दोन खुर्च्या पुढच्या रांगेत ठेवतो. राग सोड, लोभ ठेव.

तुझाच,
व्यंकट


जिंतूर, २७ जानेवारी २०२५

व्यंकटराव यांस,
जयभीम.

तुमचं पत्र गीताबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की देशमुखीण व्हायला काही नाही, पण या वयात नव्या नावाचा उखाणा जुळायचा नाही. मग आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आप्पांना सगळं कळवायचं पत्र मी लिहिलं होतं. फाडून टाकलं. पोरीच्या लग्नात माझ्या हातून विघ्न नको.

काल दत्तराव येऊन गेला. चहा बी घेतला नाही. रडवेला होऊन सांगायलाय की स्टेशनवर आप्पांनी माझं आडनाव विचारलंच नव्हतं. मित्र आहेत, एवढ्यावर त्यांचं भागलं होतं. मी पिशव्या उतरवत होतो तवा देशमुख तुमीच आपणहून सांगितलं. म्हणजे मी आप्पांना चाललो असतो का नाही, हे आता कुणालाच कळायचं नाही. तुमाला चाललो नाही, एवढं कळलं.

लग्नाला आमी येणार नाही. माधवीची साडी माझा पोरगा सिद्धोधन वालूरला आणून देईल, सुकेशनी सुनेनं लय हौसेनं निवडली आहे. मांडवात आप्पांनी देशमुख कुठं म्हणून विचारलं, तर वारले म्हणून सांगा. आमच्याकडं सुतक नाही.

पण माधवी मला विचारल. तिला मी खोटं सांगणार नाही. तिच्या विचारण्याआधी तुमी तिला सांगा, आन् ती काय म्हणाली ते लवकर लिहून कळवा. मी वाट बघायलोय.

नागनाथ सटवाजी वाव्हळ