वरच्या मजल्यावरची उभी जोडी

चि. डॉक्टर यास, भाऊजींचे आशीर्वाद.

तुझा दवाखाना जोरात चालला असेल आणि लोकांच्या कानांत अजून पुरेसा मळ असेल, अशी आशा आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण ऐकतात. तुझी ताई ठणठणीत, जरा जास्तच, कारण महिनाभर ती रोज संध्याकाळी दोन जिने चढते आहे. पत्राचं कारण तेच जिने.

वर विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात (आपण त्यांना विमेवाले म्हणू, मी मनात आणखी काही म्हणतो). त्यांनी स्पीकर आणले. कपाटावर ठेवायचे नव्हेत, जमिनीवर उभे राहणारे, माझ्या कमरेएवढे. स्वस्तातले आहेत हे ते स्वतःच सांगून टाकतात, त्यामुळे मला सांगता येत नाही. आणि तुझी ताई, जिने पस्तीस वर्षं मी रंधा मारून केलेल्या स्पीकरच्या जोडीवर गाणी ऐकली, ती आता विणकाम घेऊन वर जाते. मी विचारलं, तिथे काय सोनं लागलंय? तर म्हणाली, "तिथे गाणं चालू असताना कोणी समजावून सांगत नाही." (आपल्याकडे कोण सांगतं, मला कल्पना नाही.)

तू जाणतोस, रेडिओदुरुस्ती मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जुने रेडिओ उघडून आणि विजेचे झटके खाऊन शिकलो. तेव्हा परवा म्हटलं, आपण जाऊन त्या खोक्यांची रीतसर परीक्षा घ्यावी आणि नापास करून यावं. बसलो मधल्या खुर्चीत. खालचा सूर मिळमिळीत. गाणारी बाई दोन खोक्यांच्या मधोमध उभी वाटायला हवी, ती खोलीभर सांडलेली. थोडक्यात, अगदी आपल्या घरच्यासारखा आवाज. (आपल्याकडे मी त्याला साधेपणा म्हणतो.) मग तुझी ताई जिने कशासाठी चढते, या विचाराने माझा नुसता जळफळाट झाला.

विमेवाले चहा टाकायला आत गेले. ताई टाके मोजत होती. मी गुपचूप डाव्या खोक्यामागे वाकलो आणि लाल तार काळीच्या जागी, काळी लालच्या जागी लावून टाकली. एकाच खोक्याच्या तारा उलटल्या की दोन्ही खोकी एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि गाण्याचा भुगा होतो. पाप आहे, मान्य. पण जागेवर येऊन बसतो, तर गाणारी बाई थेट समोर येऊन उभी राहिली. खालचा सूर पायांतून वर चढला. ताईच्या सुया थांबल्या. विमेवाले कपबशी घेऊन दारातच उभे. "वहिनी, आज काय झालंय याला?"

झालं होतं एवढंच, की त्या शहाण्याने पहिल्यापासून तारा उलट्या लावल्या होत्या आणि मी मत्सरापोटी त्या सुलट केल्या. श्रेय घ्यावं तर चोरी उघडी पडते. गप्प बसून चहा प्यायलो. चहाही बरा होता, तेही खुपलं. आता ती तासाऐवजी दोन तास बसते. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
भाऊजी

ता. क. : खरं काम राहिलंच. तुझ्या दवाखान्याच्या कागदावर ताईच्या नावाने दोन ओळी लिहून पाठव, की या वयात उभ्या स्पीकरसमोर बसणं कानांना वर्ज्य आहे. सही किचकट कर.

ता. क. २ : पाकीट चिकटवायला ताईकडे दिलं, ही माझी जन्माची खोड. तिने सगळं वाचलं. हसली नाही. म्हणाली, "आपल्या जोडीच्या तारा पण बघा एकदा." बघितल्या. उजव्या खोक्याच्या उलट्या. कधीपासून, विचारलं. "तुम्ही केली तेव्हापासून. मला वाटलं, तुम्हाला असंच आवडतं."

ता. क. ३ : तारा सुलट केल्या. त्या संध्याकाळी ताई वर गेली नाही, डोळे मिटून इथेच बसली, आणि मी एक शब्द बोललो नाही. पण आवाज जिन्यापर्यंत गेला असावा. विमेवाले खाली आले आणि आता रोज माझ्याच खुर्चीत बसून ऐकतात. तेव्हा ती चिठ्ठी पाठवच. फक्त नाव बदल.